तळहातावरचे ठोके

९ ऑगस्ट

देम्यान आज मुख्य संघाच्या गोलात उभा राहिला. हे वाक्य चांगल्या अक्षरात लिहावं म्हणून कपाटातली कोरी वही काढली. आता काढलीच आहे तर लिहीत जाईन.

जुन्या गोलकीपरचा गुडघा गेला, म्हणून कोच झिनोव्हीने माझ्या नातवाला उभं केलं. वीस वर्षांचा पोरगा. संघ दुसऱ्या श्रेणीचा असला तरी शहराचा आहे. युद्धामुळे सामना बघायला माणसं तेवढीच सोडतात जेवढी स्टेडियमखालच्या तळघरात मावतात. मला मात्र खेळाडूचा आजोबा म्हणून गोलामागची जागा मिळाली.

निघण्याआधी आम्ही दोघं दाराजवळच्या बाकावर घटकाभर गप्प बसलो. मोठ्या कामाला निघताना आपल्याकडे बसतात तसंच. बसल्या बसल्या मी सवयीने आमची ओळ म्हटली: ‘करकोच्यांनो, कुठं निघाली उंच नभातुन रांग?’ पाचवीच्या पुस्तकात होती ही कविता, खाली कवीचं नाव नव्हतं. आमच्या मारिया सिल्वेस्त्रिव्हनाबाई तिचे ठोके बोटाने आमच्या तळहातावर मोजून दाखवायच्या: ओळीला आठ, आठ, आठ आणि शेवटी तीन. म्हणायच्या, कविता आधी हातात उतरते, मग तोंडात येते. ट्रॉलीबस चालवायचो तेव्हा दर सिग्नलला माझं बोट स्टिअरिंगच्या चाकावर ठोके धरायचं. देम्यान लहान असताना मीही त्याच्या तळहातावर ते मोजायचो; पहिली ओळ मी म्हणायची आणि दुसरी त्याने, असं ठरलेलं होतं: ‘परत यायच्या वाटेवरती, घरट्यास तू सांग.’

आज त्याने दुसरी ओळ म्हटली नाही. मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होता. मग वर बघून म्हणाला, “काही म्हणालात? समोर बसा ना आजोबा, तुमचं तोंड दिसू दे.”

एवढा वाढला, पण आजोबाचं तोंड बघूनच निघायचं असतं त्याला.

सामना शून्य-शून्य.

१७ ऑगस्ट

शेजारच्या स्तेफाबाई टोमॅटो घेऊन आल्या आणि टोमॅटोसोबत तक्रारही. “तुमचा देम्यान फार मोठा माणूस झाला हं, ओमेल्यानदादा. काल जिन्यात दोनदा हाक मारली. मान वळवली तर शपथ.”

“विचारात असेल.”

“कसला विचार? चेंडू अडवायला विचार लागतो होय? माझा नवरा सारखा विचारात असायचा, नंतर कळलं की विचाराचं नाव ल्युबा.”

मी हसलो. पण देम्यान हल्ली खरंच आतल्या आत राहतो. त्याचे वडील युद्धाच्या दुसऱ्या वर्षी गेले. आई, म्हणजे माझी लेक ओरीस्या, पोलंडात म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत खेळाडूंच्या वसतिगृहासमोरची इमारत क्षेपणास्त्राने कोसळली तेव्हा हा खिडकीपाशी झोपला होता. काचा अंगावर पडल्या, पण पोरावर ओरखडा नाही. त्या दिवसापासून तो माझ्याकडे राहतो. देवाने त्याला सगळाच्या सगळा परत दिला, एवढं मी रोज सकाळी नऊला मनात म्हणतो. रस्त्यावरच्या कर्ण्यांतून ठोके सुरू होतात, गेलेल्यांसाठी सगळं शहर मिनिटभर उभं राहतं, तेव्हा.

३१ ऑगस्ट

आज जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही.

उत्तरार्ध चालू होता, एक-शून्यने आपण पुढे. त्यांचा नऊ नंबर चेंडू घेऊन एकटाच गोलावर आला, आणि त्याच क्षणी सायरन लागला. सगळ्या मैदानाने मान वर केली. आपले डिफेंडर, त्यांचे खेळाडू, लाइनवरचा पंच, सगळ्यांनी. नऊ नंबरचंसुद्धा पाऊल अर्धवट अडखळलं. वर बघितलं नाही ते फक्त माझ्या देम्यानने. त्याने झेप घेऊन त्याच्या पायातून चेंडू काढून घेतला.

पंचाची शिट्टी झाली, सगळे तळघराकडे निघाले, तरी हा चेंडू छातीशी धरून उभाच. शेवटी यारेमाने येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला घेऊन गेला. यारेमा म्हणजे मधला डिफेंडर, त्याचा जिवाभावाचा मित्र.

तळघरात लोक माझे हात धरून बोलत होते. एक म्हातारा म्हणाला, “असली छाती रक्तातच असावी लागते.” मी नाही म्हटलं नाही.

६ सप्टेंबर

कुणीतरी ते दृश्य फोनवर टिपलं होतं. आता सगळा देश बघतोय म्हणे. पोरांनी त्याला ‘अढळ’ नाव दिलंय. पावाच्या दुकानातल्या बाईने मला खसखशीचा गोड पाव जास्तीचा दिला, “अढळच्या आजोबांना.”

देम्यानला सांगितलं तर काट्याने ताटातल्या उकडलेल्या वारेनिकी करंज्या इकडून तिकडे सारत राहिला. “मी काही केलं नाही, आजोबा.”

“मोठी माणसं असंच म्हणतात.”

“मी खरंच काही केलं नाही.”

नम्र आहे. आईवर गेलाय.

१४ सप्टेंबर

यारेमाचं आणि याचं मैदानावरचं वागणं बघत राहावं असं आहे. कॉर्नर असला की यारेमा हात डोक्यावर नेतो, कधी दोन्ही बाजूंना पसरतो, कधी मांडीवर थोपटतो, आणि दर वेळी मागे वळून देम्यानकडे बघतो. खांबावरच्या घरट्यात उतरणारा करकोचा असेच पंख हलवतो. बाकीचे नुसते ओरडतात, हे दोघं शब्दावाचून बोलतात. मैत्री म्हणतात ती हीच.

सामन्यानंतर यारेमा आमच्याकडे बीटचं बोर्श खायला आला. तो देम्यानच्या समोर बसला, मी बाजूला. मी काही विचारलं की यारेमाच उत्तर द्यायचा.

“तुला याचा वकील नेमलाय का रे?” मी म्हटलं.

“फी म्हणून बोर्श मिळतं, आजोबा. अजून एक वाटी द्या, अजून एक खटला लढवतो.”

देम्यान आमच्याकडे आळीपाळीने बघत हसला. जरा उशिरा हसला.

२२ सप्टेंबर

दोन बातम्या, एक कडू आणि एक गोड. डोंगरापलीकडच्या क्लबाने यारेमाला घेतलं, तो या आठवड्यात जातो. आणि राजधानीतल्या एका मोठ्या क्लबाचा माणूस नोव्हेंबरमध्ये देम्यानला बघायला येणार आहे. कोच झिनोव्ही म्हणाला, “त्यांना हात खूप मिळतात, ओमेल्यानकाका. त्यांना डोकं थंड असलेला पोरगा हवाय.”

यारेमा निरोप घ्यायला आला तेव्हा त्याने मला जिन्यात गाठलं. म्हणाला, “आजोबा, याच्याकडे बघा. नीट बघा हं.” मी म्हटलं, दुसरं काय करतो मी दिवसभर?

५ ऑक्टोबर

तीन गोल खाल्ले. त्यातल्या एकात आपल्याच डिफेंडरशी टक्कर. तो ओरडत मागे येत होता, आणि हा सरळ त्याच्यावर. त्या पोराचं नाक फुटलं. मित्र गेल्यावर माणूस असाच हरवतो. मी याच्याएवढा होतो तेव्हा माझा सोबती ट्रॉलीबसचा आगार सोडून गेला आणि मी महिनाभर चुकीच्या थांब्यांवर गाडी उभी केली.

ओरीस्याचा फोन आला. “बाबा, तो मला फोन का नाही करत? नुसते निरोप लिहून पाठवतो. मी केला तर म्हणतो, कॅमेरा लाव. मला रोज उठून तोंड रंगवायला लावतो.”

“तुझं तोंड बघायचं असतं त्याला,” मी सांगितलं.

१६ ऑक्टोबर

हे कसं लिहू ते कळत नाही. लिहितो.

सकाळी औषधांसाठी निघालो होतो. देम्यान माझ्या थोडा पुढे, पिशवी खांद्यावर, नजर जमिनीकडे, सरावाला निघालेला. मी हाक मारली नाही. म्हटलं, जाऊ दे त्याला त्याच्या चालीने. चौकाच्या अलीकडे नऊ वाजले आणि कर्ण्यांतून ठोके सुरू झाले. मी टोपी काढली. फुलवाली उभी राहिली, शाळेची मुलं उभी राहिली, एक माणूस गाडीतून उतरून दाराशी उभा राहिला.

देम्यान चालत राहिला.

एवढ्या गप्प रस्त्यावर एकट्याच्या बुटांचा आवाज. फुलवाली हळूच पुटपुटली, “लाज नाही मेल्याला. कुणी गेलं नसेल याचं.”

बाप गेलेला माझा नातू आहे हो तो, हे सांगायला माझं तोंड उघडलं, पण ठोके चालू होते. पुढे ट्रॉलीबस मधेच उभी दिसली तेव्हा तो थबकला. त्याने इकडे तिकडे बघितलं, टोपी ओढून काढली आणि मान खाली घातली. तेवढ्यात मिनिट संपलं.

बापाच्या थडग्याशी हा पोरगा गुडघे टेकून बसलेला मी पाहिला आहे. तो उद्दाम नाही. मग एकच कारण उरतं, आणि ते मला त्या फुटपाथवर, हातात टोपी घेऊन, उमगलं. सायरन. जिना. बुटाची नाडी. समोर बसा ना आजोबा.

औषधं न घेताच परत आलो.

१७ ऑक्टोबर

आज दुपारी तो खिडकीशी हातमोजे धूत बसला होता. मी मागे उभा राहून आमची ओळ म्हटली. मग मोठ्याने म्हटली. मग अशी म्हटली की भिंतीपलीकडून स्तेफाबाईंनी ठोकलं. त्याची पाठ हलली नाही.

मी वळसा घालून समोर गेलो, बसलो, आणि सावकाश म्हटली. त्याने माझ्या ओठांकडे बघितलं आणि ताबडतोब म्हणाला, “परत यायच्या वाटेवरती, घरट्यास तू सांग.” मग माझा चेहरा बघून त्याने हातमोजे खाली ठेवले.

“कळलं तुम्हाला.”

“किती?”

“डावा पूर्ण गेला. उजव्यात थोडं आहे, पण कमी होतंय.”

“त्या फेब्रुवारीपासून?”

त्याने मान हलवली. यारेमाला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणालाच नाही.

“त्या सामन्यात मला सायरन ऐकूच आला नव्हता, आजोबा. सगळ्यांना वाटलं मी घाबरलो नाही. मी सांगायचं ठरवत होतो. मग तो व्हिडिओ पसरला, मग राजधानीचा फोन आला.” त्याने हात पुसले. “एक सामना. त्यांना एकदा बघू द्या. करार झाला की मीच सांगतो. तोवर कुणाला बोलायचं नाही. वचन द्या.”

मी वचन दिलं. त्याच्याकडे बघून, ओठ नीट हलवून दिलं.

आता वही समोर घेऊन विचारतो आहे की दीड वर्ष मी काय बघत होतो. मला वाटतं मी कविता बघत होतो.

२ नोव्हेंबर

सकाळपासून धुकं. निघण्याआधी देम्यान दाराजवळच्या बाकावर बसला. मी समोर स्टूल घेतलं.

गोलामागची जागा आज बंद, म्हणून मी मैदानाच्या कडेला. राजधानीचा माणूस करड्या ओव्हरकोटातला, शांत, माझ्याच रांगेत बसलेला. देम्यान चांगला खेळत होता. नजरेनेच सगळं पकडत होता. मान एवढी फिरत होती की आता मला ती बघवत नव्हती.

मधल्या सुटीला थोडा अवकाश असताना चेंडू पलीकडच्या टोकाला बाहेर गेला. देम्यान पाठ फिरवून जाळीतल्या पाण्याच्या बाटलीकडे वाकला, आणि सायरन लागला. लगोलग कर्ण्यावरून आवाज: क्षेपणास्त्र आपल्या दिशेने, ताबडतोब खाली. खेळाडू धावले, पंच धावले, आम्ही सगळे जिन्याकडे. आपल्या पोरांपैकी कुणी मागे बघितलं नाही. बघायचा तो यारेमा, आणि तो डोंगरापलीकडे.

देम्यान पाणी प्यायला. बुटांचा चिखल गोलाच्या खांबावर आपटून झाडला. हातमोज्याचा पट्टा सोडला, परत लावला. सगळं मैदानाकडे पाठ करून.

जिन्याच्या तोंडाशी कुणीतरी म्हणालं, “बघा, अढळ बघा.” एकाने टाळी वाजवली, मग चारपाच जणांनी. करड्या ओव्हरकोटातला माणूस थांबला आणि त्याने फोन वर धरला. त्याच्या चेहऱ्यावर निव्वळ कौतुक होतं.

मला काहीच करायचं नव्हतं. सगळ्यांबरोबर चार पायऱ्या उतरायच्या होत्या. बहुतेक वेळा काही पडत नाही. थोड्या वेळाने तो वळला असता, रिकामं मैदान बघून चालत आला असता, आणि करार झाला असता.

मी कठड्याची फळी उचलून गवतावर उतरलो.

मागून कोच ओरडत होता. माझे पाय आता धावायचे नाहीत, भरभर चाललो. गोलाशी पोचल्यावर मागून हात लावला नाही, दचकला असता. खांबाला वळसा घालून समोर गेलो. त्याने मान वर केली. आधी मला बघितलं, मग मागे वळून रिकामं मैदान.

“सायरन?” त्याने विचारलं, नको तेवढ्या मोठ्याने.

“हो.”

“सगळे बघतायत?”

“हो.”

तो माझ्याकडे असं बघत राहिला की मला अजून त्या नजरेचा अर्थ लावायचा नाही. मग त्याने माझं कोपर धरलं आणि आम्ही निघालो. अर्ध्या वाटेवर नदीच्या बाजूला धमाका झाला, जमीन पायाखाली हलली. “हे कळलं मला,” तो म्हणाला.

खाली तळघरात जनरेटरचा वास आणि बाकांवर दाटलेली माणसं. देम्यान सरळ कोचसमोर जाऊन उभा राहिला. “कोच, मला ऐकू येत नाही.” सगळ्या तळघराला ऐकू गेलं. पुढचंही त्याने स्वतःच सांगितलं. मला बोलावं लागलं नाही.

झिनोव्ही म्हणाला, “म्हणजे दीड वर्ष मी तुझ्यावर घसा फोडतोय.”

“हो, कोच.”

“वाया गेलं सगळं.”

“सगळं नाही. तुमचा चेहरा दिसायचा.”

कुणीतरी हसलं. नाक फुटलेला तो डिफेंडर हसला आणि मग त्याने हाताने तोंड झाकून घेतलं.

करड्या ओव्हरकोटातला माणूस जवळ आला. देम्यानच्या समोर उभा राहून, सावकाश म्हणाला, “हात चांगले आहेत तुझे. मी वर काय सांगू?”

“बघितलंत ते सांगा.”

तो मान हलवून कोट बंद करत राहिला. धोका टळल्याचा आवाज झाला तेव्हा सगळ्यांत आधी तो वर गेला, आणि उरलेल्या सामन्यात त्याची जागा रिकामी होती.

“हातमोजे काढू नकोस,” झिनोव्ही देम्यानला म्हणाला. “आजचा सामना संपायचाय.” उत्तरार्धात एक गोल खाल्ला. कान असते तरी तो गेलाच असता, असं मला वाटतं. पण मी आजोबा आहे.

६ नोव्हेंबर

राजधानीचं उत्तर आलं. नाही. दोन ओळींचं, सभ्य.

देम्यान माझ्याशी बोलत नाही. काल म्हणाला, “वचन दिलं होतंत,” आणि नजर फिरवली. त्याने नजर फिरवली की संभाषण संपतं. आमच्या घरात आता असंच आहे.

मी त्याला वाचवायला गेलो, की ती टाळी मला सहन झाली नाही? रोज वेगळं उत्तर येतं. वाचवायला गेलो म्हणावं तर स्फोट नदीपलीकडे झाला. आणि टाळीचं म्हणावं तर ऑगस्टमध्ये तीच टाळी मी खिशात घालून घरी आणली होती.

११ नोव्हेंबर

त्याला ल्विव्ह शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. उजव्या कानासाठी यंत्र मिळेल, घरात चालेल, झेप घेताना नाही. डावा कान परत यायचा नाही. हिवाळ्याच्या सुटीपर्यंत क्लब त्याला ठेवणार, पुढचं वसंतात बघू, असं झिनोव्हीने सांगितलं. सरावात डिफेंडर हाताच्या खुणा शिकतायत. आगगाडीत देम्यानने मला यारेमाचा निरोप दाखवला: ‘डोक्यावर हात म्हणजे जवळचा खांब, त्या गाढवांना नीट शिकव.’ निरोप दाखवला, बोलला नाही.

१९ नोव्हेंबर

आज सकाळी मी त्याच्याबरोबर निघालो. त्याने नको म्हटलं नाही. पहिला बर्फ पडायला लागला होता, चिकटत नव्हता. फुलवाली तिच्या जागी बसलेली. तिने त्याला ओळखलं आणि नजर खाली केली.

नऊला दोन मिनिटं असताना मी त्याचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदा. त्याचा हात आता माझ्या हाताच्या दुप्पट आहे. कर्णे सुरू झाले तसा मी तो दाबला. तो थांबला, टोपी काढली. रस्ता थांबला.

मी त्याची मूठ उघडली आणि तळहातावर बोट टेकवलं. ठक. ठक. ठक. कर्ण्यातून येत होते तसे, एकही न चुकवता. त्याने आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटले.

मिनिट संपलं. माझं बोट थांबलं. ट्रॉलीबस हलली.

“असं असतं ते?” त्याने विचारलं. “मला वाटायचं, नुसतीच शांतता असते.”

“ठोके असतात,” मी समोर जाऊन सांगितलं.

त्याने हात सोडला नाही. चौक ओलांडताना त्याने माझी मूठ उलटी केली आणि आपलं जाड बोट माझ्या तळहातावर ठेवलं. आधी आठ ठोके. मग परत आठ. मी चालता चालता मोजत होतो. तिसऱ्यांदा आठ, आणि शेवटी तीन.

घरट्यास तू सांग.